यंत्राच्या पोटातला कारभारी

यंत्राची खोली थंड ठेवली पाहिजे, ही पुण्याच्या कंपनीची पहिली अट, आणि गिदोन अल्हाटच्या पुढच्या सगळ्या हालांचं मूळ या एका अटीत होतं. फेब्रुवारी संपता संपता खडकाळवाडीच्या माळावर असं ऊन पडायला लागलं, की साखर कारखान्याच्या आवारातली कुत्री पाण्याच्या टाकीखालच्या चिखलात पोट टेकून पडत. नेवाशापासून शेवगावपर्यंत थंड हवेची खोली ही एकच. तिच्यात यंत्र होतं, यंत्रापुढं खुर्ची होती आणि खुर्चीवर स्वेटर घातलेला गिदोन होता. त्या खोलीत घटकाभर बसलं की जुनी डोकेदुखी जाते, असं लोक सांगत. डोक्याचं खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण ताक आंबत नसे हे मात्र खरं. यंत्रामागच्या फळीवर संचालक मंडळाचे तांबे रांगेनं ठेवलेले असत, आणि कुठला तांब्या कुणाचा हे सांभाळणं गिदोनच्याच कामात मोडत होतं.

गिदोन आधी वजनकाट्यावर होता. उसाच्या गाड्या तोलायच्या, धूळ खायची आणि बैलाचा एक पाय काट्यावर होता की नव्हता यावरून दोन्ही बाजूंच्या शिव्या ऐकायच्या. तिथून त्याला यंत्रावर आणलं याला कारणं दोन. वडील मिशनच्या शाळेत मास्तर असल्यामुळं त्याला इंग्रजी पुस्तक वाचता येई. दुसरं कारण चेअरमन सूर्यभानरावांनी, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणे, भर सभेत सांगितलं होतं.

"ह्याच्याकडं एक कांडी ऊस न्हाई. ज्याला ऊस न्हाई त्याला गट न्हाई. असा मानूस कारखान्यात दुसरा दाखवा."

कुणाला दाखवता आला नाही.

असा बिनउसाचा माणूस लागायचं कारण यंत्राचं काम. ते होतं तोडीची पाळी लावण्याचं. कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा उन्हात वाळत उभा राहणार, हा प्रश्न त्या मुलखात पोरीच्या लग्नापेक्षा मोठा. पूर्वी ही पाळी आबांच्या ओसरीवर लागायची, आणि ती लागली की उसाच्या आधी माणसं तुटायची. एकाहत्तरच्या हंगामात तर ऊस एवढा मातला होता की सख्खे भाऊ एका बांधावर उभे राहून गड्याकरवी बोलत. तेव्हा आबांनी हे यंत्र भाड्यानं आणलं. यंत्राला पाहुणेरावळे नाहीत, भावकी नाही, ते लागणीची तारीख बघणार आणि पाळी लावणार, असं सांगून त्यांनी टाळ्या घेतल्या. गिदोनला मात्र बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. हंगाम संपेपर्यंत यंत्रावरून तक्रार आली नाही तर नोकरी कायम आणि वसाहतीतली नळाची खोलीही त्याची. आली, तर काटा कुठं गेलेला नाही. गिदोनची बायको सारा त्या खोलीत राहायला येऊन नळाखाली अळू लावून मोकळीही झाली होती.

यंत्र शिकायला गिदोन पुण्याला गेला, तेव्हा त्याला शिकवलं उकिडवे नावाच्या इंजिनिअरनं. उकिडवे साहेब शांत गृहस्थ. समोरच्याला सगळं समजलं आहे, असं धरून चालायची त्यांची पद्धत. यंत्राच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला एक्झिक्युटिव्ह म्हणतात, असं त्यांनी सांगितलं, आणि गिदोननं मनातल्या मनात त्याचं नाव कारभारी ठेवलं. बाकीचे प्रोग्राम म्हणजे कचेरीत काम घेऊन आलेली माणसं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाकावर बसवायचं, छपाईचं मशीन कुणाच्या हाती द्यायचं, हे सगळं कारभारी ठरवणार.

"चुका दोन जातींच्या असतात," उकिडवे म्हणाले होते. "प्रोग्राम चुकला, तर एक्झिक्युटिव्ह त्याला बाहेर काढतो आणि इतरांचं काम चालू ठेवतो. पण एक्झिक्युटिव्हच चुकला, तर त्याला बाहेर काढणारं कोणी नसतं. मग तो टाईपरायटरवर एक ओळ छापतो, तांबडा दिवा लावतो, आणि सगळं जिथल्या तिथं थांबतं."

घरी आल्यावर गिदोननं ही विद्या साराला ऐकवली. ती भाकरी थापत होती.

"मंग त्याची चूक त्याला दाखवतं कोन?"

"कोनी न्हाई. नुसता दिवा लागतो."

"दिवा लागतो ते बरंय की," सारा म्हणाली. "आपल्याकडं तेवढंबी न्हाई."

पुस्तकाचे भाग दोन होते. पहिला, यंत्र कसं चालवावं. दुसरा, कारभारी चुकला तर काय करावं. पहिला गिदोननं पाठ केला. दुसरा जाडजूड होता, आणि कारभारी कशाला चुकतोय अशा भरवशावर त्यानं तो खुर्चीचा पाय डुगडुगत होता तिथं सरकवून ठेवला. पहिल्या भागात एक नियम ठळक अक्षरांत होता. यंत्र एका वेळी चार कामं घेतं. प्रत्येक कामाला एक नंबर द्यावा. एक नंबर दोघांना देऊ नये. कारखान्याचे गट चारच. म्हणजे हिशेब सरळ होता.

पहिले पुंजाराम आले. ते शेवगावच्या अंगाच्या गटाचे संचालक. रोज दुपारी ताक पिऊन झाल्यावर ते यंत्राकडं नव्या सुनेकडं बघावं तसं बघत बसत. त्या दिवशी त्यांनी, आपल्या गटाचा कागद तेवढा आधी काढा, असं सहज बोलून टाकलं. गिदोननं समजावलं, की कागद आधी निघो की मागून, पाळी तारखेवरच लागते.

"गटातली पाळी तारखेवर, कबूल," पुंजाराम म्हणाले. "पन ज्या गटाचा कागद आधी निघंल, तिकडं तोडीच्या टोळ्या आधी जात्याल. का न्हाई?"

ही गोष्ट पुण्याच्या पुस्तकात नव्हती, पण खरी होती. शिवाय समोर संचालक होता आणि डोळ्यांपुढं काटा होता. गिदोननं शेवगावच्या गठ्ठ्याला पहिला नंबर दिला. भोकं पाडलेल्या कार्डांचा तो गठ्ठा. वरचं एक कार्ड बदललं की झालं. ही गोष्ट कुणापाशी बोलू नका, एवढं त्यानं पुंजारामांना बजावलं. पुंजारामांनी ती संध्याकाळी मारुतीच्या पारावर फक्त चौघांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी भिमाजीअण्णा हजर. त्यांचा गट नेवाशाच्या बाजूचा, आणि वय संचालक मंडळात सगळ्यांत जास्त. आता हे पुंजारामांचा नंबर काढायला लावणार, या धास्तीनं गिदोन उभाच राहिला. पण अण्णा मनानं मोठे निघाले.

"त्याचा काढू नको," ते म्हणाले. "आपल्याला कुनाचं वाईट करायचं न्हाई. आपलाबी पहिला कर."

गिदोनला ठळक अक्षरांतला नियम आठवला. पण कुणाचंच वाईट होत नसेल, तर नियम तरी कशासाठी असतो, असा विचार करून त्यानं दुसरं कार्ड बदललं. यंत्रानं थोडी कुरकूर केली, छपाई रेंगाळली, टाईपरायटरनं इंग्रजीत काहीतरी नाराजी छापली. पण काम झालं. गिदोनला वाटलं, पुण्याचे लोक उगाच भितात.

मग राहीबाई आल्या. नवऱ्यामागं स्वतः ऊस लावून, स्वतः मुकादमाशी भांडून त्या संचालक झाल्या होत्या. त्यांनी काकवीची बरणी टेबलावर ठेवली आणि आपल्याला दुसरा नंबरही चालेल, असं आधीच सांगून टाकलं.

"पन लोक म्हनतील, बाईमानूस म्हनून मागं ढकलली," त्या म्हणाल्या. "मला काई न्हाई रे. तुलाच खाली बघावं लागंल."

गिदोनला खाली बघायचं नव्हतं. तिसरं कार्ड बदललं.

चौथे स्वतः आबा. ते आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि खिडकीपाशी पाठीवर हात बांधून उभे राहिले. गिदोननं खुर्ची दिली, ती घेतली नाही. काही काम होतं का, असं विचारलं.

"मी काई सांगाया आलो न्हाई," आबा म्हणाले. "नुसता उभा हाय."

ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग खिडकीकडंच बघत बोलले, की चेअरमनचा गट तिघांच्या मागं छापून निघाला तर लोकांना वाटेल यंत्रातच काहीतरी भानगड आहे. यंत्रावरचा लोकांचा विश्वास उडू नये, एवढीच त्यांची काळजी. ते गेल्यावर गिदोननं चौथं कार्ड बदललं. चौघांनाही त्यानं एकेकटं गाठून सांगितलं, तुमचा नंबर पहिला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं चारही गठ्ठे लावले आणि बटण दाबलं. आत कारभाऱ्यापुढं चार पहिले उभे. त्यानं एकाला छपाई दिली, तर लगेच दिसलं की दुसराही पहिलाच आहे. मग त्याची काढून याला दिली, तोवर तिसरा. कुणाचं किती झालं हे लक्षात ठेवता ठेवता बिचाऱ्याची लक्षात ठेवायची जागाच संपली. बाहेर छापून आलेला कागद बघण्यासारखा होता. त्यावर एक शेतकरी जन्माला आला होता, ज्याचं नाव शेवगावचं, बाप नेवाशाचा, आडनाव राहीबाईंच्या गावचं, आणि ऊस आबांच्या वावरात. एवढं करून यंत्रानं घंटा वाजवली, तांबडा दिवा लावला आणि टाईपरायटरवर एक ओळ छापून ते गप्प झालं.

गिदोननं खुर्चीच्या पायाखालचा दुसरा भाग काढला. खुर्ची एका बाजूला कलली. ती ओळ पुस्तकात होती, आणि तिचा अर्थ असा: मूळ प्रोग्राममध्ये दोष, चालकाने काहीही करू नये, कंपनीस कळवावे. त्यानं पुण्याला ट्रंककॉल लावला, आणि काहीही न करण्याचं काम मन लावून करू लागला.

ते त्याला कुणी करू दिलं नाही. यंत्राला सर्दी झाली, असं भिमाजीअण्णांचं निदान पडलं, म्हणून थंड हवा बंद करून खिडक्या उघडल्या गेल्या. त्यानं यंत्र चालू झालं नाही, पण फळीवरचं सगळं ताक नासलं आणि उसाच्या भुशाचा एक थर यंत्रावर बसला. भुसा काढायला फिटर हवा भरायचा पंप घेऊन आला. पंपानं भुसा यंत्रावरून उडाला आणि यंत्राच्या आत गेला. मग पंप बाहेर घालवून खिडक्या लावल्या आणि थंड हवा पुन्हा सोडली. मधल्या मधे चारही जण एकेकटे येऊन हळूच विचारून गेले, आपला नंबर पहिलाच आहे ना. गिदोन प्रत्येकाला हो म्हणाला. आता त्याला कळलं होतं, की दोष कुठं आहे हे उघड झालं तर चौघांना एकाच वेळी कळेल, आणि मग काट्यावर तरी घेतील की नाही कोण जाणे.

खरी अडचण वेगळीच होती. यंत्र बंद म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या बंद, चिठ्ठ्या बंद म्हणजे तोडणीच्या टोळ्या बसून, आणि ऊस आला नाही तर कारखान्याचा भोंगा गप्प. आबांना ओसरीवर पाळी लावता येईना, कारण यंत्राला भावकी नाही हे त्यांनीच सांगितलेलं. शेवटी मुकादमांनी कुणाला न विचारता कोयते उचलले आणि जो ऊस रस्त्याला लागून होता तो आधी तोडायला घेतला. बैलांना ते पसंत पडलं. गाड्या भरून यायला लागल्या, कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी कधी कमी पडली नाही.

आणि एक चमत्कार घडला. भांडणं थांबली. ज्याचा ऊस तुटला तो खूश, ज्याचा उभा होता तो संचालकाच्या दारात गेला, तर संचालक कपाळाला हात लावून सांगे, काय करू बाबा, यंत्रच बंद आहे. मग तो माणूस यंत्राला शिव्या देऊन घरी जाई. यंत्राला मत नव्हतं आणि राग येत नव्हता. गावोगावच्या संचालकांना कित्येक वर्षांनी दुपारची झोप लागू लागली.

अशा शांततेत एक दिवस उकिडवे साहेब एसटीतून उतरले. त्यांनी कार्डं उलगडली, एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. गिदोननं हात जोडले आणि हे संचालकांपुढं सांगायलाच हवं का, असं विचारलं. दोष झाकून ठेवला तर दुरुस्त कसा होणार, असं उकिडव्यांनी त्याला विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

संचालक मंडळ थंड खोलीतच जमलं. मंडळाला हल्ली दुसरी जागा सोसत नव्हती. उकिडव्यांनी सगळं समजावून सांगितलं. चौघांनी एकमेकांकडं बघितलं, मग गिदोनकडं. गिदोन तांबड्या दिव्याकडं बघत होता.

"म्हंजे समदेच पहिले हुते," आबा सावकाश म्हणाले.

"हो. तेच एक्झिक्युटिव्हला झेपलं नाही. दुसरा कोण एवढं सांगा, मी आत्ता यंत्र चालू करून देतो."

चहा आला, पिऊन झाला, कप गेले. भिमाजीअण्णा वडीलधारे, त्यांनीच ठरवावं, असं पुंजाराम म्हणाले. बायामाणसांचा मान आधी, असं अण्णा म्हणाले. चेअरमन बसलेले असताना आपण कोण, असं राहीबाई म्हणाल्या. आबांनी आपण सगळ्यांचे सेवक असल्याचं सांगितलं, पण सेवकाला कंदील धरून पुढंच चालावं लागतं, हेही सांगितलं. दुसरा कुणी सापडेना.

उकिडव्यांना या माणसांची दया आली. नंबरच नकोत, असं म्हणून त्यांनी चारही गठ्ठे एकत्र केले, निव्वळ लागणीच्या तारखेवर यंत्राला पाळी लावायला सांगितली आणि बटण दाबलं. यंत्र झरझर चाललं. कागद निघाला. आबांनी चष्मा लावला.

"सहादेव कोंडाजी," त्यांनी पहिलं नाव वाचलं. "ह्यो कोन?"

पुंजारामांना माहीत नव्हता. अण्णांना माहीत नव्हता. हा आपला सभासद आहे का, असं राहीबाईंनी विचारलं. कागदावर त्याच्या खालीही असलेच सहादेव होते, पानभर. चौघांच्या ओळखीतलं पहिलं नाव शेवटच्या पानावर लागलं, तेही तळाशी. आबांनी कागदाची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"साहेब, हे बंद करा."

"बंद?"

"मगाशी हुतं तसं. लाल दिवा लावून."

उकिडव्यांना काही कळेना. आबांनी त्यांना एकच विचारलं: चार पहिले आले म्हणून यंत्र अडकलं, यात आमच्या माणसाची चूक किती? उकिडवे सरळ माणूस. खरं तर एक्झिक्युटिव्हनं असे नंबर दारातच नाकारायला हवे होते, त्यानं अडकून पडावं हा कंपनीचाच दोष, प्रोग्रामची पुढची टेप येईल तीत दुरुस्त करू, असं ते म्हणाले.

"सवडीनं करा," आबा म्हणाले.

मंडळानं एकमतानं ठराव केला, आणि खडकाळवाडीत एकमत म्हणजे नवलच होतं. ठराव असा, की यंत्राच्या मूळ प्रोग्राममधला दोष नाजूक असल्यानं तो जाणकार माणसाच्या देखरेखीखाली ठेवावा, आणि त्यासाठी गिदोन अल्हाट यांस कायम करावं. गिदोन रोज सकाळी चार पहिले आत घाली, बटण दाबी, घंटा वाजली की फळ्यावर 'यंत्र बंद' असं लिही, आणि कारखाना कामाला लागे.

पुढच्या हंगामाच्या तोंडी मात्र पुण्याहून नवी टेप आली. गिदोननं ती चढवली, चार पहिले घातले, बटण दाबलं. घंटा वाजली नाही. कारभाऱ्यानं आलेल्या क्रमानं चौघांना मुकाट्यानं रांगेत उभं केलं आणि छापायला लागला. बातमी आबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले आणि या खेपेला खुर्ची घेतली.

"गिदोन, हे चालतंय म्हनं."

"व्हय आबा."

"मंग आता कसं करायचं?"

"जरा मुदत द्या," गिदोन म्हणाला. "चुकत न्हाई असा कारभारी कुठं असतोय."

त्यानं पुस्तकाचा दुसरा भाग उघडला आणि पहिल्यांदाच मन लावून वाचला. कारभारी कुठं कुठं कसा कसा चुकू शकतो, हे त्यात मोठ्या मायेनं लिहिलेलं होतं. वाचून त्यानं एका प्रोग्रामला दुसऱ्याची वाट बघायला सांगितलं, आणि दुसऱ्याला पहिल्याची. दोन व्याही पंगतीत एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत हात राखून बसावेत, तसे ते दोघं बसले. त्यांच्यामागं सगळं तुंबलं आणि घंटा वाजली. गिदोननं दोष सविस्तर लिहून पुण्याला कळवला. ते कामच होतं. पुण्यानं तो दुरुस्त करून पाठवला. गिदोननं पुढचा काढला. हंगामभर असं चाललं. एवढे दोष दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाकडून येत नसत. तेव्हा उकिडव्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं, की यंत्र खऱ्या अर्थानं राबवतात ते खडकाळवाडीचेच लोक, आणि कंपनी हे उदाहरण चारचौघांत देऊ लागली.

ते ऐकून प्रवरेच्या वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे चेअरमन लवाजमा घेऊन यंत्र बघायला आले. त्यांच्याकडंही पाळीवरून डोकी फुटत होती. त्यांनी बंद यंत्र बघितलं, तांबडा दिवा बघितला, बाहेर येऊन निवांत चाललेल्या गाड्या आणि झाडाखाली झोपलेले भिमाजीअण्णा बघितले. जाणता माणूस होता, त्याला फार सांगावं लागलं नाही. परत आत येऊन त्यानं गिदोनला एकच शंका विचारली.

"आमच्याकडं बसवलं तर हे असंच बंद राहील ना? का मधीच चालू व्हायचं?"

गिदोननं यंत्राकडं बघून थोडा विचार केला.

"त्याची खात्री कोन देनार, साहेब. त्याच्यापाशी मानूस लागतो."

पाहुण्यांनी मान डोलावली, गिदोनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पगार किती मिळतो ते विचारलं. तोवर आबा दोघांच्या मधे येऊन उभे राहिले होते.

"यंत्र न्या," आबा म्हणाले. "ह्यो मानूस मिळनार न्हाई."